लढलो आम्ही, मेडल साहेबाला?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणाऱ्याचे आजोबा ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती विभागात, रिकव्हरी मेकॅनिक (रणात अडकलेले रणगाडे ओढून आणणारे) होते आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात पंजाबच्या खेमकरण भागात होते. निवृत्त झाल्यावर ते कधी कधी चिडून म्हणत, "लढलो आम्ही, मेडल साहेबाला." आता नातवाने माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या नावापुढे 'महावीर चक्र आणि बार' असे वाचले आणि त्याला तीन शंका आल्या. बार म्हणजे काय? ब्रिगेडियर माणूस मागे नकाशापाशी बसलेला असतो, मग त्याला शौर्याचे पदक कसे? आणि आजोबा म्हणत होते ते खरे होते का?

पहिल्या शंकेचे उत्तर दोन ओळींत होते. दुसरीला वेळ लागेल. तिसरीचे उत्तर 'काही अंशी हो' असे आहे आणि ते मी टाळणार नाही. मी पायदळातला. दोन वर्षे पलटणीत अ‍ॅडज्युटंट, म्हणजे पलटणीची कागदपत्रे सांभाळणारा अधिकारी, होतो, पुढे ब्रिगेड मुख्यालयात कागद हाताळले. म्हणजे पदकांच्या शिफारशी, ज्यांना आम्ही सायटेशन म्हणतो, त्या लिहिल्याही आहेत आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या परतही पाठवल्या आहेत. जे सांगतो ते त्या टेबलावरून.

बार म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा मिळणे. छातीवर दुसरे चक्र लावत नाहीत, पहिल्याच्याच फितीवर एक आडवी पट्टी चढते. नुसती फीत लावायची असेल तेव्हा त्या फितीवर चक्राची छोटी प्रतिकृती बसते. महावीर चक्र दोनदा मिळालेले आजवर फक्त सहा जण आहेत आणि आपले अलिबागचे वैद्य त्यांपैकी एक.

आता मुख्य गोष्ट. फौजेबाहेरची माणसे सगळी पदके एकाच पेटीत टाकतात, खरा गोंधळ तिथून सुरू होतो. एखाद्या अधिकाऱ्याच्या छातीवर बारा फिती दिसल्या तर त्यातल्या आठ-नऊ केवळ 'तिथे होतो' एवढेच सांगत असतात. नऊ वर्षे सेवा झाली, वीस वर्षे झाली, अमुक युद्धात होतो, तमुक उंचीवर होतो. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. ही जवानालाही मिळतात आणि जनरललाही, अगदी तीच. शौर्याची पदके वेगळी. परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रे शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी. शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. तिसरा गट विशिष्ट सेवेचा, ज्यातली पदके बहुतेक वरच्या हुद्द्यांना जातात. परम विशिष्ट सेवा मेडल पाहून 'केवढा शूर माणूस' असे कुणी म्हटले की ते मिळालेले जनरलसाहेबही थोडे अवघडतात.

हे चौकटीचे झाले. तुमचा प्रश्न या चौकटीच्या फटीत आहे: ज्याचे काम गोळी झाडणे नसून इतरांकडून लढाई करवून घेणे आहे, अशा माणसाचे युद्धातले नेतृत्व कुठल्या खणात टाकायचे?

१९८० पूर्वी त्यासाठी वेगळा खणच नव्हता. युद्ध सेवा पदकांची मालिका, म्हणजे सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा मेडल, १९८० मध्ये सुरू झाली. १९६५ आणि १९७१ ला कमांडरने लढाई उत्तम चालवली तर सरकारपुढे दोनच वाटा होत्या. एक तर त्याच्या कामात स्वतःच्या जिवाचा धोका दिसत असेल तर शौर्याचे चक्र, नाहीतर विशिष्ट सेवा मेडल किंवा पद्म पुरस्कार. १९७१ ला पूर्व बंगालमध्ये (आजचा बांगलादेश) चौथी कोअर मेघना नदीपार नेणाऱ्या सगत सिंगांना पद्मभूषण मिळाले, शौर्याचे चक्र नाही. ते अनेक फौजींना आजही खटकते. मलाही खटकते, पण ते असो.

वैद्यांकडे या नजरेने पाहा. १९६५ ला ते लेफ्टनंट कर्नल होते आणि डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडंट. (रिसाल्याच्या रेजिमेंटमध्ये सीओला, म्हणजे कमांडिंग ऑफिसरला, कमांडंट म्हणतात.) ८ ते १० सप्टेंबर, खेमकरणजवळच्या असल उत्तर आणि चीमा गावांचा परिसर, समोर पॅटन रणगाड्यांचे पाकिस्तानी आर्मर्ड डिव्हिजन. डेक्कन हॉर्सकडे शर्मन होते, दुसऱ्या महायुद्धातले. पॅटनचे चिलखत जाड आणि तोफ मोठी. शर्मनने लांबून गोळा टाकला तर तो फुकट, वर आपली जागा उघडी पडते. म्हणून आपले रणगाडे उसात आणि झाडीत दडवून घोड्याच्या नालासारखी मांडणी केली होती, कालव्याचे पाणी शेतात सोडून जमीन दलदल केली होती, आणि पॅटन जवळ येईपर्यंत थांबायचे होते.

ते थांबणे कसे असते, ते सांगायला हवे. समोरून रणगाडे येताहेत, त्यांचा आवाज पोटात जाणवतो. प्रत्येक गनरचे बोट शिवशिवते. एकाने घाई केली की सगळा सापळा फुकट. अशा वेळी रेडिओवर कमांडंटचा आवाज कसा येतो यावर पन्नासेक माणसांचे हात स्थिर राहतात किंवा थरथरतात. तो आवाज मागच्या तंबूतून आला तर पोरांना कळते, आणि पुढच्या रणगाड्यातून आला तरी कळते. रणगाड्यांच्या रेजिमेंटचा कमांडंट स्वतःच्या रणगाड्यात असतो. गोळ्यांचा मारा चालू असताना तो या टोकाकडून त्या टोकाकडे फिरतो, कारण नुसत्या नकाशावरून ऊस दिसत नाही. वैद्यांना महावीर चक्र मिळाले ते याच कामाचे: धोक्यात उभे राहून नेतृत्व. या दोन शब्दांपैकी एक जरी गळला असता तरी ते चक्र मिळाले नसते.

आता त्याच लढाईची बाकीची पदके मांडून बघा. दुसऱ्या आर्मर्ड ब्रिगेडचे ब्रिगेडियर थिओगराज यांना महावीर चक्र. सेंच्युरियन रणगाड्यांच्या थ्री कॅव्हलरीचे लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब यांना महावीर चक्र. वैद्यांना महावीर चक्र. आणि परमवीर चक्र? ते मिळाले ४ ग्रेनेडियर्स या पलटणीच्या कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांना. जीपवर बसवलेली रिकॉइललेस गन (रणगाडाविरोधी तोफ) घेऊन ते पॅटनच्या समोर गेले आणि १० सप्टेंबरला तिथेच कामी आले. भारतीय नोंदींप्रमाणे त्या लढाईत ९७ पाकिस्तानी रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. ते घडवून आणणाऱ्या तिन्ही साहेबांना दुसऱ्या क्रमांकाचे पदक आणि हवालदाराला पहिल्या क्रमांकाचे.

१९७१ लाही हेच. वैद्य ब्रिगेडियर झाले होते, पाकिस्तानातल्या शकरगढ भागात १६ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड त्यांच्याकडे होती. वाटेत सुरुंगांचे खोल पट्टे. सफरमैनांनी, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या सैनिकांनी, काढून दिलेल्या अरुंद वाटेने, ती पूर्ण साफ झाली की नाही याची खात्री नसताना, रणगाडे पलीकडे घालायचे, तिथे मिळवलेली जागा रुंद करायची आणि येणारा प्रतिहल्ला अंगावर घ्यायचा. बसंतर नदीपाशी १६ डिसेंबरला हे घडले. त्यांच्या ब्रिगेडमधल्या पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, वय २१, पेटलेला रणगाडा सोडून बाहेर पडा असा आदेश येऊनही तोफ चालते आहे म्हणून आत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर. त्यांचे कमांडंट हनुत सिंग यांना महावीर. ब्रिगेडियर वैद्यांना महावीर चक्रावर बार. हुद्दा वर चढत जातो तसे पदक निदान वर चढत नाही. शत्रूच्या तोफेच्या तोंडाशी जो सर्वांत जवळ, त्याच्याकडे ते जास्त झुकते.

हे माझे मन राखण्याचे बोलणे नाही, मोजून बघा. आजवर परमवीर चक्रे २१. त्यात अधिकारी १२, जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) आणि जवान ९. फौजेत अधिकारी मूठभर आणि जवान लाखो, म्हणजे बारा हा आकडा जास्तच वाटतो. तुमच्या आजोबांच्या बाजूचा हा मुद्दा मी मान्य करतो. पण त्या बारा जणांत सेकंड लेफ्टनंटपासून कॅप्टनपर्यंतचे आणि हवाई दलाचा एक फ्लाइंग ऑफिसर धरून सहा, मेजर पाच आणि लेफ्टनंट कर्नल एक. त्याच्या वर कुणीही नाही, एकही ब्रिगेडियर नाही, एकही जनरल नाही. आणि त्या बारांपैकी पदक घ्यायला जिवंत किती होते? तीन. साहेबांनी मेडल नेले हे खरे, पण नेण्यासाठी बहुतेक साहेब परत आलेच नाहीत.

तो एकमेव लेफ्टनंट कर्नल म्हणजे अर्देशीर तारापोर, मुंबईत जन्मलेले पारशी, पूना हॉर्सचे कमांडंट. सप्टेंबर १९६५ मध्ये फिल्लोरा जिंकताना जखमी झाले, मागे जायला नकार दिला आणि पाच दिवस तसेच रेजिमेंट चालवत राहिले. १६ सप्टेंबरला बुटूर डोग्रांदीपाशी मारले गेले. त्यांच्या सायटेशनमध्ये सुमारे ६० शत्रू रणगाडे नष्ट आणि आपले नऊ गमावले असा हिशेब आहे. शौर्य आणि नेतृत्व ही दोन वेगळी खाती आहेत असे मानणाऱ्याने हे प्रकरण एकदा वाचावे. तारापोर शूर होते म्हणून रेजिमेंट टिकली की रेजिमेंट नीट चालवली म्हणून ते शूर ठरले, हे वेगळे काढताच येत नाही.

१९८० नंतर मात्र वेगळे काढण्याची सोय झाली आणि त्यातून नवी गुंतागुंत आली. कारगिलमध्ये १३ जॅक रायफल्सचे सीओ लेफ्टनंट कर्नल वाय. के. जोशी यांना वीरचक्र मिळाले. तोलोलिंग आणि टायगर हिलवर लढलेल्या १८ ग्रेनेडियर्सचे सीओ कर्नल खुशाल ठाकूर यांना युद्ध सेवा मेडल. दोन्ही पलटणींनी परमवीर मिळवून दिले. एका सीओचे पदक शौर्याच्या खणात, दुसऱ्याचे सेवेच्या. कोण जास्त लायक हा वाद मी घालणार नाही. एवढेच म्हणतो की सीओच्या कामात स्वतः धोक्यात असण्याचा वाटा किती आणि चालवण्याचा किती, हे कुणीतरी कागदावर ठरवते, आणि तो कागद कसा लिहिला आहे यावर खण बदलू शकतो.

इथून आजोबांच्या तक्रारीकडे येतो, कारण तिची मुळे याच कागदात आहेत.

शिफारस पलटणीतून सुरू होते. काय केले, कधी, कुठे, कुणी पाहिले. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब जोडायचे. मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड, सेना मुख्यालय, संरक्षण मंत्रालय, शेवटी राष्ट्रपती. प्रत्येक पायरीवर कुणी तरी शिफारस एक पायरी खाली आणू शकतो. मी पहिल्यांदा एका नायकाची शिफारस लिहिली तेव्हा 'अतुलनीय धैर्य', 'जिवाची पर्वा न करता' असे सगळे दागिने घातले होते. वरून कागद परत आला, शेऱ्यात एकच प्रश्न: "किती मीटर?" म्हणजे तो उघड्यावर किती मीटर रांगला, शत्रू किती मीटरवर होता, किती वेळ. मी जागेवर जाऊन पावले मोजली. पंचेचाळीस मीटर निघाले. विशेषणे काढली, मीटर घातले, कागद पुढे सरकला.

दुसरे प्रकरण सांगायला मला आवडत नाही, पण तेच महत्त्वाचे. आमचा एक रेडिओ ऑपरेटर होता, रात्रभर एकाच जागी पडून सेट चालू ठेवणारा. त्याच्यामुळे जखमी बाहेर निघाले. त्याच्या बाजूला असलेले दोघे दुसऱ्या दिवशीच इस्पितळात गेले, एक तिथून घरी. मी जबाब घ्यायचे 'पुढच्या आठवड्यात' ठेवले. पुढचा आठवडा तीन महिन्यांनी आला. तोवर साक्षीदार दोन वेगवेगळ्या ठिकाणी, तपशील पुसट. त्याला शेवटी प्रशंसापत्र मिळाले, मेडल नाही. त्याने कधी काही म्हटले नाही. त्याच ऑपरेशनमध्ये माझ्या कंपनी कमांडरला मेडल मिळाले, आणि ते त्याच्या लायकीचेच होते. पण त्याच्यासाठी साक्षीदारांची रांग होती, कारण कंपनी कमांडर काय करतो ते सगळी कंपनी बघत असते. ऑपरेटर काय करतो ते अंधार बघतो.

आजोबांच्या वाक्यातला खरा भाग हा असा. अधिकारी दिसतो. त्याचा निर्णय रेडिओवर ऐकू येतो, लढाईच्या अहवालात त्याचे नाव येते, आणि सायटेशन लिहिणाराही अधिकारीच असतो. जवानाचे शौर्य अनेकदा एकाच्या डोळ्यांसमोर घडते आणि तो एक जगला तरच ते कागदावर येते. कधी कधी तोही जगत नाही. लडाखमधली रेझांग ला खिंड आठवा, चीनचे युद्ध, नोव्हेंबर १९६२, मेजर शैतान सिंग यांची कंपनी. शंभराहून अधिक जण गेले. जे थोडे वाचून परतले त्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी बर्फ वितळू लागल्यावर प्रेते सापडली, हातात शस्त्रे, आपापल्या खंदकात. तेव्हा मेलेल्यांनीच साक्ष दिली. मेजरला परमवीर आणि त्याच्या काही जवानांना वीरचक्रे मिळाली. कधी साक्षीदार शत्रूच असतो. टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान मारला गेला ('कर्नल' हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे). आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात तो किती शौर्याने लढला याची चिठ्ठी ठेवून देह परत पाठवला. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हे आपले सर्वोच्च शौर्यपदक दिले.

एक विषयांतर करतो, कारण मराठी वाचकांना आवडेल. परमवीर चक्रावर इंद्राचे वज्र आहे, ते रेखाटणाऱ्या बाई सावित्रीबाई खानोलकर. जन्माने युरोपीय, लग्न विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी. महावीर चक्राचे डिझाइनही त्यांचेच. वैद्यांच्या छातीवरच्या चक्राची मांडणी एका मराठी घरात झाली होती असे म्हटले तर फार चुकणार नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या हिशेबाने असे उरते. वैद्यांचे चक्र आणि बार खुर्चीवर बसून मिळालेले नव्हते, त्या काळी तशी सोयही नव्हती. ब्रिगेडियरला शौर्यपदक मिळू शकते, पण तो ज्या जागी उभा होता तिथे गोळे पडत असले पाहिजेत आणि त्याच्या तिथे असण्याने लढाई फिरली असली पाहिजे. आणि तुमच्या आजोबांसारख्या माणसांना मिळायला हवे होते ते अनेकदा मिळाले नाही, कारण रिकव्हरीवाल्याचे काम लढाई संपल्यावर सुरू होते असे लिहिणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो गोळ्यांच्या माऱ्यात तुटलेल्या रणगाड्याला साखळदंड लावत असतो.

आता जरा उपयोगाचे. आजोबांची मेडल्स घरात असतील तर त्यांच्या कडा भिंगाखाली बघा. सेवा पदकांच्या कडेवर सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. तो क्रमांक आणि डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ईएमईचे रेकॉर्ड ऑफिस सिकंदराबादला आहे, अर्ज तिथे जाईल. १९६५ चा समर सेवा स्टार त्यांच्याकडे असेल तर ते रणक्षेत्रात होते याचा तो सरकारी कागद समजा. शौर्यपदक असते तर राजपत्रात नाव आले असते, तेही शोधता येते. डिस्पॅचमध्ये, म्हणजे लढाईच्या अधिकृत अहवालात, नावाचा गौरवाने उल्लेख झाला असेल तर मेडलच्या फितीवर कमळाच्या पानाचे छोटे चिन्ह दिसेल. ते नीट बघा, लोक ते सुटे पडलेले पान समजून फेकून देतात.

आणि नगरला कधी गेलात तर रणगाड्यांच्या संग्रहालयात पाकिस्तानकडून घेतलेला पॅटन उभा आहे. लढाईनंतर असे पॅटन भिखीविंडजवळ ओळीने आणून ठेवले होते, त्या जागेला पॅटननगर म्हणत. ते तिथवर स्वतःच्या इंजिनावर आले नव्हते. आजोबा १९६५ ला खेमकरणला नेमक्या कुठल्या वर्कशॉपमध्ये होते ते कळले तर मला सांगा.